मार्माइटची बाटली आणि आजीचे पाय

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं…' आणि 'म्हणजे काय, तर…' बरेचसे काढलेत. थोडे राहिले असतील तर गोड मानून घ्या.

आजची गोष्ट सुरू होते माझ्या आजीच्या एका वाक्यापासून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला कराडला घरी गेलो होतो. आजी तुळशीला पाणी घालून परत येत होती, भिंतीला हात लावत लावत. मी विचारलं, "काय गं आजी, गुडघे दुखतात का?" तर म्हणाली, "दुखत न्हाई रं. पायाखाली कापूस अंथरल्यागत वाटतंय. भुई लागतच न्हाई पायाला."

आम्ही सगळे हसलो. वय झालं, असंच व्हायचं.

पण त्याच चार दिवसांत आमटीत दोनदा मीठ पडलं. मला तिनं माझ्या चुलतभावाच्या नावानं तीन-चार वेळा हाक मारली. दुपारची गोळी घेतली की नाही, हे तिला आठवेना. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता आणि तो कुणीच उच्चारत नव्हतं. अल्झायमर.

आता मी पडलो इंजिनिअर. प्रॉब्लेम दिसला की सोल्यूशन ऑर्डर करायचं, ही आमची सवय. फोन काढला, 'मेमरी', 'ब्रेन', 'व्हिटॅमिन' असं काहीतरी टाइप केलं आणि बरे स्टार असलेली एक बाटली मागवली. लेबल वाचलं नाही. साधारण त्याच सुमाराला अशक्तपणासाठी तिला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही सुरू झाल्या. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊवरून बारावर! फॅमिली ग्रुपवर अंगठ्यांचा आणि हात जोडलेल्यांचा पाऊस पडला. बाटली संपली की मी दुसरी पाठवायचो. अशा चार बाटल्या झाल्या.

आजीच्या पायाखालचा कापूस मात्र हलला नाही. उलट वाढला.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. कारण नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं, की मी केलेली चूक नवी नव्हती. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या भल्याभल्या डॉक्टरांनी जवळपास हीच चूक केली होती. आणि ज्या औषधानं ती चूक झाली, त्याचा माग काढत मागे गेलं तर आपण थेट येऊन पोचतो मुंबईत. परळला.

परळ, १९२८

गिरणगाव ऐन भरात होतं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर झोपायचं. गिरण्यांत हजारो बायकाही राबत होत्या. आणि त्याच मुंबईत गरोदर बायका ॲनिमियानं दगावत होत्या. साधासुधा ॲनिमिया नव्हे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत चेहरा पांढराफटक पडायचा, धाप लागायची आणि कित्येकींच्या बाबतीत आई आणि बाळ दोघंही जायची.

याचा शोध घ्यायला एक इंग्रज बाई मुंबईत आली. लूसी विल्स. वय ४०. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेली, मग लंडनला बायकांसाठीच्या मेडिकल कॉलेजात जाऊन १९२० साली डॉक्टर झालेली. मुंबईत तिनं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बस्तान बसवलं.

तिनं या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. इथं उलटं होतं. पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या, फुगलेल्या. म्हणजे लोह हा मुख्य मुद्दा नव्हता.

मग जंतू आहेत का, ते शोधलं. तसं काही हाती लागेना. तेव्हा तिनं वेगळाच रस्ता धरला. एस. एन. तळपदे यांच्यासोबत तिनं मुंबईतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. १९३० साली ती छापून आली. चित्र स्पष्ट होतं. ज्यांच्या ताटात सगळ्यात कमी, त्यांनाच हा आजार सगळ्यात जास्त. गरीब मुस्लिम बायकांचे हाल सर्वांत वाईट होते. भाजीपाला, फळं, दूध या गोष्टी त्यांच्या ताटात जवळजवळ नव्हत्याच.

म्हणजे अन्नात काहीतरी कमी होतं. पण काय?

प्रयोगशाळेत आधी उंदीर झाले, मग माकडं. माकडांना गरीब मुंबईकर बायकांसारखंच जेवण दिलं, तर त्यांनाही तसाच ॲनिमिया झाला. आणि यावर जे चाललं ते औषध ऐकून तुम्हाला हसू येईल. मार्माइट. म्हणजे काय, तर बिअर बनवून झाल्यावर उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, चिकट, खारट लेप. इंग्लंडात पावाला लावून खातात. ज्याला आवडतो त्याला आवडतो, बाकीचे पळून जातात.

विल्सनं तो आजारी बायकांना दिला आणि काही दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या लाल पेशी दिसू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा लेख आला. मार्माइटमध्ये नेमकं काय काम करतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्या अनामिक पदार्थाला लोक नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

१० मे २०१९ला गूगलनं लूसी विल्सचं डूडल लावलं होतं. मी ते पाहिलं होतं आणि क्लिक न करता पुढे गेलो होतो. असो.

त्याच काळात, बॉस्टनमध्ये

आता तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं ते बघू, कारण या दोन गोष्टी पुढे एकमेकींत गुंतणार आहेत.

तिकडे एक आजार होता, 'पर्निशस ॲनिमिया'. पर्निशस म्हणजे घातक. नावच सांगतं की झाला की माणूस गेला. रक्ताचं चित्र हुबेहूब मुंबईच्या बायकांसारखं, कमी पण मोठ्या पेशी. मात्र या आजाराला आणखी एक बाजू होती. रुग्णांच्या पायांना मुंग्या यायच्या. मग पाय कुठे पडतोय ते कळेनासं व्हायचं. अंधारात तोल जायचा. काहींच्या डोक्याचाही गोंधळ व्हायचा. १८८७ साली लुडविग लिख्टहाइम या जर्मन डॉक्टरनं या ॲनिमियात मज्जारज्जू खराब होतो हे लिहून ठेवलं होतं. १९०० साली लंडनच्या रसेल, बॅटन आणि कॉलियर या तिघांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि नाव दिलं, 'सबॲक्यूट कम्बाइन्ड डीजनरेशन'. म्हणजे मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या तारा हळूहळू झिजत जाणं. मेंदू आणि नसा झिजवणाऱ्या आजारांमधला हा एक असा आजार, ज्याचं कारण पुढे पक्कं सापडलं.

१९२६ साली जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर कलेजी खाऊ घातली. कच्ची किंवा जेमतेम शिजवलेली. मरायला टेकलेली माणसं उठून बसली. १९३४ साली या दोघांना आणि जॉर्ज व्हिपल यांना मिळून नोबेल मिळालं.

पण मुळात या माणसांना कलेजी का लागत होती? घरात मांस तर रोज शिजत होतं. विल्यम कॅसल नावाच्या तरुण डॉक्टरनं ते शोधायला जे केलं ते जेवताना ऐकू नका. त्यानं स्वतः कच्चा खिमा खाल्ला, तासाभरानं तो पोटातून परत काढला आणि नळीवाटे रुग्णांच्या पोटात घातला. रुग्ण सुधारले! नुसता खिमा दिला तर सुधारत नव्हते. म्हणजे निरोगी जठरात असं काहीतरी तयार होतं, जे अन्नातला तो महत्त्वाचा पदार्थ शोषायला मदत करतं. रुग्णांच्या जठरात तेच नव्हतं. ताटात असून उपयोग नाही, अंगी लागलं पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इकडे विल्सच्या एक गोष्ट लक्षात आली होती. कलेजीचा साधा, ओबडधोबड अर्क तिच्या रुग्णांना लागू पडत होता. पण तोच अर्क शुद्ध करत नेला, की पर्निशस ॲनिमियावर चालायचा आणि तिच्या ॲनिमियावर चालायचा नाही. याचा अर्थ काय? रक्त सारखंच दिसत असलं तरी कमतरता दोन वेगवेगळ्या आहेत. सूक्ष्मदर्शकाला त्यांतला फरक दिसत नाही.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच होतं. आणि दहा वर्षांनी नेमकं हेच विसरलं गेलं.

चार टन पालक

१९४१ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चार टन पालकातून एक पदार्थ अगदी चिमूटभर वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. विल्सच्या मार्माइटमधला अनामिक पदार्थ म्हणजे हेच फॉलेट.

चार टनांतून चिमूटभर काढून औषध होत नाही. ते कारखान्यात बनवता यायला हवं. ते जमलं १९४५ साली, न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाची धुरा होती आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. मुंबईच्या बायकांपासून सुरू झालेला धागा एका भारतीयाच्याच टीमपाशी येऊन गोळीत बसला.

आता गोळी आली. पिवळी, छोटीशी, देता-घेता सोपी. अलाबामातल्या टॉम स्पाइस या डॉक्टरनं ती वेगवेगळ्या ॲनिमियाच्या रुग्णांना दिली. पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांनाही दिली. आणि रक्त झपाट्यानं सुधारलं!

त्या काळच्या रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जन्मभर कलेजी खायची, नाहीतर कलेजीच्या अर्काची इंजेक्शनं टोचून घ्यायची. आणि आता कुणी म्हणतंय, ही गोळी घे, रक्त ठीक होईल. कोण नाही म्हणेल? मी तरी म्हटलं नसतं.

रिपोर्ट नॉर्मल, माणूस पडतोय

१९४७ साली एकामागून एक लेख यायला लागले. हाइनली आणि वेल्च यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लिहिलं, की फॉलिक ॲसिड नसांचा आजार रोखू शकत नाही. खुद्द स्पाइस यांनीही आपल्या सहकाऱ्यांसोबत वर्षभराचा हिशोब मांडला. रक्त नॉर्मल राहिलं, पण मज्जारज्जूचा आजार डोकं वर काढतोय. स्वतःच गाजवलेल्या औषधाची काळी बाजू स्वतः छापायला हिंमत लागते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आमच्या कामात एक भीती कायम असते. मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड हिरवागार आहे, सगळे आकडे सुरेख आहेत, आणि आत सिस्टिम कोसळतेय. का? कारण आपण मोजतोय ती गोष्ट वेगळी आणि बिघडतेय ती वेगळी. डॅशबोर्ड लाल असता तर रात्री दोन वाजता कुणीतरी उठलं तरी असतं.

१९४७ला हेच झालं होतं. पर्निशस ॲनिमियात रक्त हा धोक्याचा दिवा होता. फॉलिक ॲसिडनं तो दिवा विझवला. आग तशीच राहिली. डॉक्टर रक्त बघून समाधानी होते आणि रुग्णाचे पाय सुन्न होत होते. आणि नसांचं असं आहे, की रक्तासारख्या त्या आठवड्याभरात नव्या तयार होत नाहीत. उशीर झाला तर गेलं ते बऱ्याचदा गेलंच.

पुढच्याच वर्षी, १९४८ला, कलेजीतला खरा पदार्थ हाती लागला. अमेरिकेत मर्क आणि इंग्लंडात ग्लॅक्सो, दोन्हीकडच्या संशोधकांनी तो स्वतंत्रपणे शुद्ध केला. सुंदर लाल रंगाचे स्फटिक. व्हिटॅमिन बी१२. रोज लागतं किती? दोन-अडीच मायक्रोग्रॅम. ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यांतले दोन-अडीच. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं १९५६पर्यंत उलगडली. १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं.

फाइल अडकते कुठे?

आता थोडं आतलं यंत्र बघू. घाबरू नका, सरकारी ऑफिसच्या भाषेत सांगतो.

पेशीत एक टेबल आहे, जिथे फाइल पुढे सरकायला फॉलेट आणि बी१२ अशा दोघांच्या सह्या लागतात. बी१२ साहेब रजेवर गेले, की फॉलेटच्या सगळ्या फाइली त्या टेबलावर अडकून पडतात. फॉलेट शरीरात आहे, पण वापरता येत नाही. १९६२ साली या अडकण्याची कल्पना मांडली गेली, तिला 'मिथाइल ट्रॅप' म्हणतात. फॉलेट अडकलं की नवा डीएनए बनत नाही, आणि लाल पेशी धड विभागत नाहीत. म्हणून त्या कमी आणि फुगलेल्या.

आता बाहेरून फॉलिक ॲसिडची गोळी दिली तर काय होतं? ते दुसऱ्या खिडकीतून नवी फाइल घेऊन आत शिरतं. अडकलेल्या टेबलाला वळसा घालून डीएनएचं काम पुन्हा सुरू होतं. रक्त सुधारतं. पण बी१२ साहेबांची दुसरीही कामं आहेत, जिथे फक्त त्यांचीच सही चालते. नसांवरचं मायलिनचं आवरण, म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक म्हणा, ते शाबूत राहायला बी१२ लागतंच. तिथे फॉलिक ॲसिडची डाळ शिजत नाही.

आणि त्या अडकलेल्या टेबलापाशी एक कचरा साठत जातो. त्याचं नाव होमोसिस्टीन. इथून आपली गोष्ट अल्झायमरकडे वळते.

गोळीनं विसरणं थांबतं का?

१९९८ साली ऑक्सफर्डमधल्या एका गटानं अल्झायमरच्या १६४ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ७६ जणांचं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासून पक्कं झालं होतं. निरोगी लोकांच्या तुलनेत या रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त होतं, आणि फॉलेट आणि बी१२ कमी. २००२ साली सुधा शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या १,०९२ वयस्कर लोकांची नोंद मांडली. हे लोक साधारण आठ वर्षं पाहणीखाली होते. ज्यांचं होमोसिस्टीन १४ मायक्रोमोलच्या वर होतं, त्यांना अल्झायमर होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला.

झालं! उत्तर सोपं वाटलं. होमोसिस्टीन वाईट, बी गटातली जीवनसत्त्वं ते खाली आणतात, मग द्या सगळ्यांना गोळी.

पण धूर आणि आग एकत्र दिसतात म्हणून धूर हाकलला की आग विझते असं नाही. २००८ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग छापून आला. अल्झायमर झालेल्या ४०९ रुग्णांपैकी काहींना फॉलिक ॲसिड, बी६ आणि बी१२चे जोरदार डोस दिले, काहींना नुसती खोटी गोळी. १८ महिने. होमोसिस्टीन छान उतरलं. स्मरणशक्तीची घसरण मात्र होती त्याच वेगानं चालू राहिली. डॅशबोर्ड पुन्हा हिरवा!

२०१० साली ऑक्सफर्डमधूनच थोडी आशेची बातमी आली. विसराळूपणा सुरू झालेले, पण डिमेन्शिया न झालेले सत्तरीपुढचे लोक. दोन वर्षं बी जीवनसत्त्वं. स्कॅन झालेल्या १६८ जणांत, खोटी गोळी घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला सरासरी १.०८ टक्के आक्रसला, खरी गोळी घेणाऱ्यांचा ०.७६ टक्के. आणि फायदा मुख्यतः कुणाला? ज्यांचं होमोसिस्टीन सुरुवातीलाच जास्त होतं त्यांना.

मग २०१४ साली ११ प्रयोगांतल्या सुमारे २२,००० लोकांची आकडेवारी एकत्र केली गेली. निष्कर्ष असा, की सरसकट सगळ्यांना या गोळ्या दिल्या तर वयाबरोबर होणारी बुद्धीची घसरण थांबत नाही. त्यावर आक्षेपही आला, की ज्यांना कमतरताच नव्हती अशांना गोळी देऊन फरक दिसणार कसा?

मला यात गोंधळ वाटत नाही. लूसी विल्सनं १९३०च्या दशकात जे पाहिलं, तेच पुन्हा दिसतंय. जीवनसत्त्वाची गोळी कमतरता भरून काढते. कमतरता असेल तर ती संजीवनी आहे. नसेल तर ती गोळी आहे, बस. अल्झायमर झालेल्या मेंदूला ती परत आणत नाही. आणि चुकीची कमतरता भरली तर खरी कमतरता झाकली जाते.

२००७ साली अमेरिकेतल्या वृद्धांच्या आकडेवारीतून एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. तिथे १९९८पासून पिठात सक्तीनं फॉलिक ॲसिड मिसळतात. बाळांच्या पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष कमी व्हावेत म्हणून, आणि ते झालेही. पण ज्या वृद्धांचं बी१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्यात बुद्धीची घसरण अधिक प्रमाणात दिसली. ही निव्वळ पाहणी आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. तरी १९४७ची आठवण येतेच.

आणि आपलं पुणं

आता म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं. आपलं काय?

२००१ साली पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास छापून आला. वय २७ ते ५५, म्हणजे म्हातारे नव्हेत. त्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक होते आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सुम होत्या. या रेफ्सुम ऑक्सफर्डच्या १९९८ आणि २०१० या दोन्ही अभ्यासांतही आहेत. निष्कर्ष काय? ४७ टक्के लोकांच्या रक्तात बी१२ कमी. आणि पेशींच्या पातळीवर बी१२ कमी पडत असल्याच्या खुणा सुमारे ७५ टक्क्यांमध्ये! चारातले तीन.

बी१२ फक्त जंतू बनवतात. आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून येतं. पण अभ्यासानं असंही सांगितलं, की शाकाहार हे कारण फक्त काही अंशी आहे. कॅसलचा खिमा आठवतोय ना? ताटात असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी होतं, शोषण कमी होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली, किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, तरी बी१२ कमी होऊ शकतं. आता आपल्या घरातल्या सत्तरीच्या माणसाकडे बघा. शाकाहारी, मधुमेह, ॲसिडिटी. तिन्ही रकान्यांत टिकमार्क.

पुन्हा कराड

माझी आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पन्नासेक वर्षं अंडंसुद्धा नाही. दूध म्हणजे चहातलं तेवढंच. मेटफॉर्मिन अकरा वर्षं. हे सगळं आम्हाला माहीत होतं. एकत्र ठेवून कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही.

चौथी बाटली चालू असताना ती पहाटे अंधारात न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं. दवाखान्यात जे डॉक्टर आले त्यांनी मनगट बघून झाल्यावर सहज विचारलं, "आजी, पाय कसे आहेत?" तिनं तेच कापसाचं वाक्य सांगितलं. ते हसले नाहीत. धातूचा एक चिमटा वाजवून त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला आणि विचारलं, "कंप कळतोय?" आजी म्हणाली, "न्हाई." मग तो माझ्या हातावर ठेवला. लख्ख कळत होता.

बी१२ची तपासणी केली. आकडा खालच्या मर्यादेच्याही बराच खाली. त्या रात्री मी पहिल्यांदा त्या बाटलीचं लेबल वाचलं. फॉलिक ॲसिड होतं. बी१२ नव्हतं.

त्या गोळ्यांमुळेच हे झालं असं मी म्हणत नाही. आजार आधीपासून होता. पण हिमोग्लोबिन बारावर गेलं नसतं तर आम्ही वर्षभर निवांत बसलो नसतो, एवढं मला माहीत आहे.

इंजेक्शन द्यायच्या वेळी आजीनं विचारलं, "ह्यात मटणाचं काय न्हाई न्हवं?" मी सांगितलं, "नाही गं, हे जंतूंकडून बनवून घेतात. ताकासारखंच समज." मग हात पुढे केला.

आता दीड वर्ष झालं. मीठ बहुतेक वेळा एकदाच पडतं. माझं नाव बरोबर घेते. पण काठी सुटली नाही आणि अंधारात ती अजूनही भिंत धरते. परवा विचारलं, "कापूस गेला का?" म्हणाली, "पातळ झालाय. गेला न्हाई." डॉक्टर म्हणतात, आधी आला असतात तर कदाचित पूर्ण गेला असता. ते 'कदाचित' मी बरोबर घेऊन फिरतो.

प्रत्येक विसराळूपणा म्हणजे बी१२ची कमतरता नाही. बऱ्याच जणांना खरोखरच अल्झायमर असतो, आणि त्यावर कुठलीच जीवनसत्त्वाची बाटली चालत नाही. पण विसराळूपणाची जी काही कारणं भरून काढता येतात, त्यांत हे एक आहे, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी कुठली घ्यायची हे मला विचारू नका. फक्त गोळीच्या आधी तपासणी, एवढंच सांगतो. लूसी विल्सनंही आधी रक्त पाहिलं, मग ताट पाहिलं, आणि मार्माइटची बाटली त्यानंतर उघडली. मी बाटली पहिल्यांदा उघडली आणि लेबल शेवटी वाचलं.

तर मंडळी, हा एपिसोड संपला की रील्स उघडायच्या आधी घरी एक फोन करा. "बरं आहे ना?" विचारलंत तर "बरंय" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा विचारा, "भुई नीट लागतेय का पायाला?"

भेटू पुढच्या भागात.